आई म्हणाली, सोड

मित्रांनो, मी मणी ओवायची एक जुनी सुई आहे. अंगाने केसासारखी बारीक आणि कंबरेत कायमची वाकलेली. माझं नेढं इतकं लहान, की त्यात दोरा घालताना भल्याभल्यांना घाम फुटतो. पाकिटातल्या माझ्या बहिणी एकेक करून मोडल्या. मी टिकले, कारण मी या घरातल्या आईच्या हाती पडले.

आई मण्यांच्या सपाट पट्ट्या विणायची. लोक तोंडात बोट घालायचे. कौतुक सगळं पट्टीचं, सुईला कोण विचारतो! "पुढच्या सुट्टीत मला नक्की शिकव हं," असं लेक दर वेळी म्हणायची आणि स्वारी पसार व्हायची.

मग एके सकाळी आईचं उजवं अंग लुळं पडलं. वाचाही गेली. कधीतरी एखादा शब्द कसाबसा फुटे. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच दिवशी अर्धवट पट्टी घेऊन लेक खाटेपाशी बसली.

"आई, तू आहेस तोवर मला हे आलंच पाहिजे."

तिने जिवाचा आटापिटा केला. एक मणी घ्यायची आणि मला लगेच शेजारच्या मण्यात खुपसायची. मण्यांची दाटी व्हायची, पट्टी फुगून वेडीवाकडी व्हायची. उसवायची, पुन्हा तेच. मी तिच्या बोटांत रुतत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

आईचे ओठ हलले. "सोड."

लेकीचा चेहरा पडला. "सोडून देऊ? मला जमायचंच नाही, असं वाटतं ना तुला?"

"सोड... सोड." आईच्या डोळ्यांना धार लागली. लेकीने मला उशीत टोचलं आणि ती हमसून हमसून रडू लागली.

तेव्हा आईने डाव्या हाताने चाचपडत मला उपसलं. माझं टोक एका मण्यावर टेकवलं, तो मणी ओलांडला आणि मला पुढच्या मण्यात घातलं. नवा मणी घ्यायचा, खालचा एक सोडायचा, त्याच्या पुढच्यात शिरायचं. एवढंच ती सांगत होती!

"एक मणी सोड! अगं आई, मी किती गं वेडी!"

मग ओळीमागून ओळ सपाट बसू लागली. आई डाव्या अंगठ्याने पट्टी चाचपायची. एका दुपारी तो अंगठा थांबला.

पट्टी आता पुरी झाली आहे. पण शेवटी दोरा कसा अडकवायचा, ते विचारायचं राहूनच गेलं. लेक गाठ मारते, ती निसटते. दुसऱ्या कुणाला ती विचारत नाही. "आई कशी मारायची कोण जाणे," म्हणते आणि पट्टी ठेवून देते. मी शेवटच्या मण्यात अडकून गंजते आहे.

मित्रांनो, माझं सोडा, सुई दुसरी मिळेल. पण तुमच्या घरात कुणाच्या हातात काही कला असेल, तर आजच त्यांच्याजवळ जाऊन बसा. सुरुवात तर शिकाच, आणि शेवट कसा करायचा तेही विचारून ठेवा.