गिरणीचा आवाज नव्हता तेव्हा

सकाळी पावणेबाराला म्वान्झातल्या आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीतली वीज गेली. आमच्या वार्ताहर ताबूने टाइप केलेला मबुलाबाबांचा मृत्युलेख विजेबरोबरच गेला. अंक संध्याकाळी छपाईला जायचा होता.

साल १९९२. आमच्या दोन्ही संगणकांत हार्ड डिस्क नव्हती आणि फ्लॉपी कुरकुरत वेळ खायची. म्हणून उपसंपादक सेफूकाका रोज सकाळी मेमरीचा एक भाग वेगळा काढून त्याचाच ड्राइव्ह करत. शब्दांची यादी, बातम्या, सगळे त्यात. काम झरझर होई. वीज गेली की मात्र काही उरत नसे.

तरी आमचे कधी काही गेले नव्हते, ते समोरच्या मक्याच्या गिरणीमुळे. वीज जाण्याआधी दाब उतरे आणि तिचा सूर खाली येई. सेफूकाका टेबलावर हात आपटून ओरडत, "उतरवा!" की सगळे फ्लॉपीकडे धावत. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की एरवी कुणी उतरवून ठेवतच नसे. मबुलाबाबा दारात पिठाने पांढरे होऊन उभे असत. "माझ्या जिवावर पेपर चालतो तुमचा," म्हणत.

गिरणी मबुलाबाबांची होती. ते गेले आणि ती बंद झाली.

त्यांची बायको, कुल्वाची आई, त्या सकाळी कचेरीत येऊन दोन तास बोलली होती. ताबू ऐकता ऐकता टाइप करत गेली, कागदावर काही लिहिले नाही. बाई दुपारच्या बोटीने उकेरेवे बेटावर, माहेरी निघाली होती.

"मला वाटलं, आवाज येईल," ताबू म्हणाली.

"कुठून येणार? मीही कान लावूनच बसलो होतो," सेफूकाका म्हणाले. "जा, बोट सुटायच्या आत गाठ तिला."

मी तिच्याबरोबर धक्क्यावर गेलो. कुल्वाची आई गाठोड्यावर बसून तळलेला मासा खात होती.

"आई, पुन्हा एकदा सांगाल? थोडक्यात?"

"का? सकाळी झोपली होतीस?"

ताबूने वीज गेल्याचे सांगितले. बाईने मासा बाजूला ठेवला.

"त्यांची गिरणी बंद पडायची, तरी पीठ मागे राहायचं. तुझं यंत्र कसलं गं?" बोटे पदराला पुसून ती उठली. "थोडक्यात नाही सांगायची मी. घरी ये, बेटावर, नान्सिओला. मासा खाऊ घालते, मग सांगते."

बोट सुटली. अंकात चौकटीत नाव आणि गाव एवढेच छापले. खालची जागा सेफूकाकांनी कोरी सोडली. जाहिरात घालू दिली नाही.

पुढच्या आठवड्यात जाऊ, असे ताबू म्हणत राहिली. वर्षभरात साप्ताहिक बंद पडले आणि ती दार एस सलामला गेली. सेफूकाका आता नाहीत. गिरणीच्या जागी मोबाइलचे दुकान आहे. वीज जाते तेव्हा अजूनही माझा कान आधी तिकडे जातो.

गेल्या आठवड्यात कुल्वाने ताबूला फोन केला. आई नव्वदीच्या घरात आहे, बाबांचे नाव काढले की कधी बोलते, कधी नाही. ताबू म्वान्झाला आली. आज सकाळी मी तिला धक्क्यावर सोडले. तिच्या पिशवीत वही होती, दोन पेनेही.

बोट दुपारी नान्सिओला लागली, एवढे ताबूने कळवले. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. थोडक्यात सांगणार नाही, असे बाई म्हणालीच होती.