विनिफ्रेडची हजेरी

व्हर्नाने स्वतःचंच घर दोन रात्रींसाठी भाड्याने घेतलं, तेव्हा किल्ली द्यायला आलेली शेजारीण मेव्हिस तिच्याकडे बघतच राहिली.

"अगं बाई, आपल्याच घराला भाडं? मेलबर्नला जाऊन डोकं फिरलं की काय तुझं?"

"घर विकलंय मी, मेव्हिस. आता कसलं आपलं?"

मेव्हिसला अजून बरंच बोलायचं होतं. व्हर्नाने दार लावून घेतलं.

नव्या मालकांनी सुट्टीवाल्यांसाठी घर पार नटवून ठेवलं होतं. भिंती पांढऱ्याफेक, आणि कोपऱ्यात तिच्या नवऱ्याचा, क्लॅरीचा, शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, धरायचा पिंजरा. त्यात पिवळे दिवे! आयुष्यभर ज्याच्यावर त्या माणसाने हात सोलून घेतले, त्यात दिव्यांची माळ. काही लाज म्हणून नाही लोकांना. पण खिडकीपाशी तिचा बोटींशी बोलायचा रेडिओही होता, शोभेला ठेवलेला. छपरावरची एरियल काढायला कोणी चढलंच नव्हतं, म्हणजे तो अजून चालणार होता. व्हर्ना आली होती ती या रेडिओसाठी.

टास्मानियाच्या या खडकाळ टोकाला, ग्रेडी कोव्ह या मासेमारीच्या गावात, रोज संध्याकाळी हजेरी व्हायची. व्हर्ना खिडकीशी बसून एकेका बोटीला हाक मारायची, बोटवाले कुठे आहेत ते सांगायचे, मग ती उद्याचं हवामान सांगायची. सगळ्यांनी ओ दिल्याशिवाय हजेरी बंद करायची नाही, असा नियम. नवऱ्याची 'विनिफ्रेड' ती मुद्दाम शेवटी घ्यायची. उगाच कोणी म्हणायला नको, बाई घरच्याला आधी विचारते. क्लॅरी ओ द्यायचा, "येतोय, बाईसाहेब. किटली ठेवा."

सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी विनिफ्रेडने ओ दिली नाही. घसा बसेपर्यंत व्हर्ना हाका मारत राहिली. शेवटी लोकांनी तिला खुर्चीवरून धरून उठवलं. पुढे बोटीच्या फळ्या खडकांत सापडल्या, क्लॅरी नाहीच. लेकीने तिला मेलबर्नला नेलं. पण ती हजेरी उघडीच राहिली होती. भाजी चिरताना, टीव्ही बघताना तिला एकदम वाटायचं, आपण काहीतरी चालू ठेवून आलोय. सांगणार कोणाला? हसले असते. आज ती बंद करायची, बस्स.

दिवस कलल्यावर तिने बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"ग्रेडी कोव्ह. हजेरी घेतेय. कर्ल्यू?"

नुसती खरखर.

"लेडी नोरा?"

"कोण बडबडतंय?" एक अनोळखी आवाज खेकसला. "हा कामाचा चॅनेल आहे, बाई. पोरखेळ नाही."

तिने हात मागे घेतला. बरोबरच होतं त्याचं. आता इथे कोण ओळखणार होतं तिला? ती रेडिओ बंद करायला वाकली.

"तोंड आवर, ट्रॉय," दुसरं कोणी खोकत म्हणालं. "व्हर्ना आहे ती. कर्ल्यू हजर, व्हर्ना. मोठ्या खडकाच्या अलीकडे आहे, पिंजरे टाकून झालेत. म्हातारा डेस अजून मेलेला नाही, ऐकतेस ना?"

"ऐकतेय रे मेल्या," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा लेडी नोराला हाक मारली.

मग लेडी नोरा हजर झाली. पेट्रेलही. सगळ्यात शेवटी ट्रॉय पुटपुटला, "स्टेला हजर. धक्क्याकडे निघालोय. माफ करा, काकू."

आता एकच नाव उरलं होतं.

"विनिफ्रेड?"

तिने पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा तिचा आवाज फाटला आणि ती रडायला लागली, बोलायचं बटण दाबलेलंच ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

तिने बोट उचललं तेव्हा डेस म्हणाला, "आम्ही आहोत, व्हर्ना. हवं तितकं थांब."

ती थांबली. बाहेर अंधारून आलं. मग तिने खिडकीतून आभाळाकडे पाहिलं आणि डोळे पुसून हवामान सांगितलं. सकाळी दक्षिणेचा वारा, दुपारनंतर उतरेल.

"विनिफ्रेड आली नाही," ती म्हणाली. सहा वर्षांत हे तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. "बाकी सगळे आले. हजेरी बंद."