पंच्याखालचा भाव

मी उंबरा बोलतोय. पोलादपुरातल्या काशीबायच्या घराचा. बसा, पन माज्यावर नको, जरा बाजूला बसा. आदी एक पैज लावतो. ही गोष्ट संपते कशी, ते आत्ताच वळखून दाखवा. तुमी म्हनाल, लबाड मानूस शेवटाला माज्यावर आपटला नि दात पडले. नाय पडले. म्हनाल, पोलीस आले. नाय आले. शेवटाला एक जन किंमत मोजतो, बस. कोन मोजतो नि कशाची, तेवढं सांगा. नाय जमत? मग ऐका गप.

मी ऐनाच्या लाकडाचा. चांगू सुतारानं माला तासला तवा त्याचं ध्यान भाकरीकडं असनार, कारन मी बोटभर जास्तच उंच झालो. काशीबायचा नवरा भिकाजी म्हनला, "चांगू, हा उंच ऱ्हायला रे."

चांगू म्हनला, "असू दे. मान्सं खाली बघून चालतील."

कोन बघतंय खाली? तवापासून माजी चंगळ. तलाठी पाडला, पावना पाडला, मांजर तेवढं नाय गावलं. भिकाजीची लेक नीला, म्हाडला दिली. तिचा नवरा रामजी पैल्यांदा सासरवाडीला आला तो इस्त्रीची प्यांट घालून, मान वर करून. माज्यापाशी आला नि थेट काशीबायच्या पायावर. काशीबाय म्हनली, "जावय लय संस्कारी."

मग भिकाजी गेला. काशीबाय एकटी ऱ्हायली. वर्साला कौलं चाळायची तर मान्सं मिळत नायत, घर गळतंय, गुडघं दुखतायत. नीला म्हनायची, "आये, आमच्याकडं ये गो."

काशीबाय म्हनायची, "लेकीच्या घरी येईन. लेकीच्या चुलीवर नाय."

रामजीच्या घराला लागून एक खोली इकायची व्हती. खोलीवाला पंधरा हजार मागत व्हता. आपलं घर इकायचं, ती खोली घ्यायची, तिथं आपली चूल मांडायची. दुसरं काय नको व्हतं तिला. आता घर इकायचं तर दलाल पायजे.

पैला आला चंदू. म्हाडचा, मुंबयला ऱ्हाऊन आलेला. खाली घेरदार प्यांट, डोळ्याला काळा चष्मा. बाहेरनंच बोलायला लागला, "मावशी, दोन टक्के कमिशन घेनार. आदीच सांगतो. भाव तुमच्यासमोर होनार, मागं काय नाय." एवढं बोलला नि पाय उचलला तो माज्यावर. चष्मा एकीकडं, चंदू एकीकडं. मी असा हसलो की दाराच्या बिजाग्या वाजल्या.

शेजारची चंद्राबाय तिथंच तांदूळ निवडत व्हती. काशीबाय तिला म्हनली, "आल्या आल्या पैशाचं बोलला, नि उंबऱ्यालाच ठेच. शकून बरा नाय गो."

"नकोच तो," चंद्राबाय म्हनली. "चष्म्यातनं डोळंपन दिसत नायत मेल्याचं."

मग आला महादू. गुरांचा दलाल. भिकाजीची समदी बैलं ह्यानंच इकलेली, ह्यानंच घेतलेली. खांद्यावर पंचा. ह्यानं काय केलं बघा. पायताण लांब काढलं. माज्यापाशी थांबला. वाकला, दोन बोटं माज्या अंगाला लावली नि कपाळाला टेकवली. मग आत.

इतकी वर्सं लोकांनी माला लाथा मारल्या, शिव्या घातल्या. पाया कोन पडलावता? मी पाघळलोच.

"वयनी," महादू म्हनला, "माला एक पैसा नको. भिकाजीच्या हातचं खाल्लंय मी."

काशीबायनं डोळ्याला पदर लावला. ठरलं. बैल इकतात तसंच घर इकायचं ठरलं.

गुरांच्या बाजारात भाव तोंडानं नाय बोलत. दलाल नि घेनारा हातात हात देतात, वर पंचा टाकतात नि आत बोटं दाबून भाव करतात. बाजूच्याला कळत नाय. पंच्याखालचा भाव उघड्यावर बोलायचा नाय, हा रिवाज. बोलला तो बाजारातनं उठला. बैलाला बरं हाय ते. पन घराला?

गिराईक आला आब्बास शेठ. कुवेतला चार पैसे कमावून आलेला, रस्त्याला लागून जागा बघत व्हता. महादूनं त्याला दारातच उभा केला नि हातावर पंचा टाकला.

आतनं काशीबाय म्हनली, "उंबऱ्यात देवघेव करू नये भावजी, आत या."

"पैसा कुटं देतोय वयनी? नुस्ती बोटं धरतोय. तू चा टाक."

आता पंचा वरनं झाकतो, खालनं उघडाच. नि मी कुटं असतो? खालीच. माला शाळा नाय, पन पंजा मोजता येतो. आब्बासनं तीन टायमाला अक्खा पंजा दाबला, मग तीन बोटं. अठरा. महादूनं मान डोलवली. सौदा झाला.

महादू चा पीत काशीबायला म्हनला, "अकरा देतो वयनी. शेठ लोक लय घासतात."

"खोलीवाला पंधरा मागतोय भावजी."

"त्याला मी अकरात बसवतो. माज्यावर सोड. आज नाय म्हनलीस तर हा दुसरीकडं जाईल."

मी माज्या जागी कडकड वाजलो. काशीबाय म्हनली, "लाकूड वाळलं वाटतं."

म्हनलं, आता ह्याला पाडतो. जाताना पाडतो, येताना पाडतो. पन ते जमंना. जो दर टायमाला थांबून, वाकून, पाय उचलून येतो, त्याला ठेच लावायची कशी? तवा माला कळलं, तो माज्या पाया पडत नव्हता. मी लागू नये म्हनून बघून चालत व्हता.

कागदावर अकराच लिवले. सरकारच्या शिक्क्याचे पैसे कमी लागतात म्हनून आब्बासपन त्याला राजी. पैसा गेला महादूच्या हातनं.

घर सोडायच्या दिवशी आब्बासची बायको बिल्किस बघायला आली. मनानं चांगली बाय. हिरीत डोकावून म्हनली, "मावशी, अठरा हजार मोजले, नि हिरीला कठडापन नाय हो."

काशीबायच्या हातातनं झाडू गळला. आली नि माज्यावर बसली. आयुष्यात कंदी कुनाला बसू दिलं नव्हतं तिनं माज्यावर. लय हलकी लागली.

बायकोकडनं कळलं तवा आब्बासनं महादूला दारातच गाठलं. महादू म्हनला, "पंच्याखालचा भाव कुनी बघितला, शेठ? नि कागदावर काय लिवलंय?" शिक्का चुकवलेला आब्बास आल्या वाटेनं परत गेला. मी बघितलावता. माला कोन इचारतंय.

खोलीवाला अकराला कंदीच बसला नाय. महादू त्याच्याकडं गेलाच नव्हता. काशीबाय ट्रंक घेऊन लेकीच्या पडवीत ऱ्हायला गेली, नि जेवली लेकीच्या चुलीवरचं.

आब्बासनं घर पाडलं. दोन गाळे नि वर स्ल्याब बांधायचा व्हता त्याला. माला वाटलं, गेलो आता जाळात. तर महादू गाडी घेऊन हजर. "ऐनाचा हाय, वाळवी लागायची नाय," असं म्हनून घेऊन गेला नि आपल्या नव्या घराला बसवला. नवं घर कशातनं उठलं, ते तुमाला काय सांगायचं.

पैल्या दिवशी वाट बघितली, वाकतोय का. कशाला वाकंल? आता घर त्याचं. पायताणाचं शेन माज्यावर खरवडून आत गेला. आंगठा ठेचला तवा दुसऱ्या दिवशी सुतार बोलावला नि माजी बोटभर उंची रंध्यानं रंधून टाकली. माजी समदी खोडी तेवढ्या बोटात व्हती.

मग एक दिवस काशीबाय आली. संगं चंद्राबाय. दोघं शेतकरी बैल इकायचा म्हनून महादूच्या दारात बसलेवते, बैल झाडाला बांधलेला. काशीबायनं माला बघितलं, वाकली, हात लावला. हात रंधलेल्या जागेवरनं फिरवला नि तिथंच ठेवला.

"ये वयनी, चा घे," महादू म्हनला.

"आत नाय येत. हा उंबरा केवढ्याला देतोस?"

महादू हसला. हात फुडं आला, नि सवयीनं पंचापन आला हातावर.

"पंचा काढ," काशीबाय म्हनली. "उघड्यावर बोल."

"तुज्याकडनं काय घ्यायचं? ने तसाच."

"फुकट नको. तू फुकट म्हनलास की माला भ्या वाटतं."

चंद्राबाय फिस्सकन हसली. महादूनं शेतकऱ्यांकडं बघितलं. एक लाकूड घेऊन ही बाय जातेय तर जाऊ दे, असं त्याला वाटलं असनार. म्हनला, "बरं, तूच बोल भाव."

"घराचे अठरा आले. माज्या हातात अकरा पडले. सात तुज्याकडं हायत. ते ह्या उंबऱ्याचे. फिटलं आपलं."

एका शेतकऱ्यानं उठून बैल सोडला नि रस्त्याला लागला. दुसरा बिडी इझवून त्याच्या मागं. महादू पंच्याची घडी घालत ऱ्हायला. एवढासा पंचा, घडी काय होईना.

माला उपटला तवा त्याच्या नव्या गिलाव्याला तडा गेला. येष्टीच्या टपावरनं म्हाडला आलो.

आता मी नीलाच्या पडवीत हाय. कोपऱ्याच्या तोंडाशी काशीबायनं माला भुईवर आडवा टाकलाय. भिंत नाय, दार नाय, कौल नाय. माज्यामागं तीन दगडांची चूल, ट्रंक, नि ती. तिच्या भाकरीचा धूर माज्यावरनं जातो.

सांजचा रामजी येतो. इस्त्रीची प्यांट आजून हाय. दोनी बाजूनं मोकळं हाय, कुटनंपन येईल. पन माज्यासमोर थांबतो. "येऊ का आत, सासूबाय?"

"या जावय. पाय उचलून या. उंच हाय तो."

मी आता कसला उंच? पन तो पाय उचलतो. पार गुडघ्यापतुर.

तर वळखलात का शेवट? नाय ना. एक लाकूड, रंधलेलं, दार नसलेलं. काशीबायनं सात हजार मोजले.