वादळासाठी रंग शिल्लक नाही

ताईच्या रोपवाटिकेचं छप्पर उडालं आणि रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर जाऊन बसलं. पण चॅनेलच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी असं काही घडलंच नाही, आणि चॅनेल खोटं बोलत नाही हे चॅनेल स्वतःच दर अर्ध्या तासाला सांगतं. तेव्हा छप्पर जागच्या जागी आहे, खाली रोपं डुलताहेत, असं धरून चालू या.

ताईचा धाकटा भाऊ त्या चॅनेलच्या हवामान कक्षात रडारवर बसायचा. बसायचा तो खुर्चीवरच, पण 'रडारवर बसतो' म्हटलं की नातेवाइकांत जरा वजन पडतं. दूरच्या टेकडीवरच्या सरकारी रडारकडून आकडे यायचे, सॉफ्टवेअर त्यांना रंग द्यायचं. रिमझिमीला हिरवा, सरींना पिवळा, झोडपून काढणाऱ्या पावसाला लाल. तो नकाशा हा रडारवाला पडद्यावर सोडायचा. नोकरी हंगामी होती; कायम होण्याचा कागद मोठ्या साहेबांच्या टेबलावर चहाच्या कपाखाली होता. त्यांना मोठे साहेब म्हणत, कारण छोटा साहेब ठेवणं चॅनेलला परवडत नव्हतं.

ताईचं भावाकडे मागणं एकच होतं. "मोठं वादळ येणार असेल तेव्हा सांग. बाकीचं ज्ञान तुझ्यापाशी ठेव." वेळेवर प्लास्टिकचे पडदे सोडून दोर आवळले, की तिचं छप्पर टिकायचं. उगीच सोडले, तर आत रोपं उकडून निघायची. वर्षाची कमाई त्या छपराखाली, बोटभर उंचीची, उभी होती.

एक दिवस मोठे साहेब हवामान कक्षात आले आणि पडद्याकडे बघून त्यांनी नाक मुरडलं.

"हे काय लावलंयस?"

"पाऊस आहे, साहेब."

"हिरवा? लोकांना वाटेल शेतीचा कार्यक्रम चाललाय. समोरच्या चॅनेलचा पाऊस बघ, कसा लालभडक आहे!"

"पण साहेब, पाऊस तोच आहे. आकाश एकच आहे ना."

"आकाश एक असेल. जाहिरातदार वेगळे आहेत."

रडारवाल्याला कायम व्हायचं होतं. त्याने रंगपट्टी उघडली, लाल रंगाची खूण माऊसने धरली आणि पार तळाला ओढून आणली. हिरवा पट्टीवरून घसरून पडला, पिवळा त्याच्या पाठोपाठ गेला. आता शिंतोडेही लाल. दुसऱ्या दिवशी पक्ष्यांचा एक थवा उठला, रडारने तो इमानेइतबारे टिपला, आणि चॅनेलने अर्ध्या शहराला घराबाहेर न पडण्याचं आवाहन केलं. लोक घरात बसले. पक्षी मजेत फिरून आले.

ताईने सुरुवातीला प्रत्येक लालला पडदे सोडले. मग तिचा फोन आला.

"धाकट्या, मी रोपं वाढवतेय रे, भाजी शिजवत नाहीये! अर्धे टोमॅटो गेले."

"ताई, ते... थोडं जास्त लाल झालंय."

"थोडं? तुझ्या चॅनेलवर ऊनसुद्धा लाल येतं." त्या दिवसापासून तिने लालकडे बघणं सोडलं.

शेवटी रडारवाल्याने धीर करून विचारलं, "साहेब, उद्या खरंखुरं वादळ आलं तर कोणता रंग द्यायचा?" लगेच बैठक बसली. जांभळा सुचला, पण तो प्रायोजक साबणवाल्यांचा. त्यांच्या रंगात लोकांची घरं पडलेली त्यांना चालली नसती. काळा दाखवला तर लोक टीव्हीला थपडा मारतात आणि नंतर दुसरं चॅनेल लावतात. निळ्याला समुद्राने आधीच अडवून ठेवलं होतं. बैठकभर बिस्किटं खात बसलेला ग्राफिक्सवाला तोंड पुसून म्हणाला, "पांढरा घ्या की. पांढरा काय कुणाच्या बापाचा नाही."

"पांढरं म्हणजे रिकामं वाटेल," रडारवाला पुटपुटला.

"आपला प्रेक्षक सुज्ञ आहे," साहेब म्हणाले. ठराव मंजूर झाला आणि बिस्किटांसकट बैठक संपली. निवेदिकेला मात्र कुणी सांगितलं नाही. ती मेकअपला बसली होती, आणि मेकअप चालू असताना तिला काही सांगायला जाणारा माणूस त्या इमारतीत जन्माला यायचा होता.

मग एका दुपारी खरं वादळ आलं. पडद्यावर सगळीकडे नेहमीचं लाल, आणि मधोमध, बरोबर ताईच्या भागावर, एक शुभ्र पांढरा ठिपका. निवेदिकेने त्यावर मायेने हात फिरवला.

"आणि हा पांढरा भाग पाहा. इथे मात्र काहीही नाही. इथल्या रहिवाशांनी अगदी निश्चिंत राहावं!"

तिच्या कानात बोलायचं बटण साहेबांपाशी होतं. रडारवाला धावत सुटला. "साहेब, सांगा तिला! पांढरं म्हणजे सगळ्यात वाईट!"

"आता?" साहेबांनी बटणावर तळहात ठेवला. "लाइव्हमध्ये चूक सुधारायची नसते. सुधारली की ती चूक ठरते."

त्याने ताईला फोन लावला.

"ताई, पडदे सोड! दोर आवळ! लवकर!"

"कशाला? तुझंच चॅनेल बघतेय. आमच्यावर पांढरं आहे. बाई म्हणाली, निश्चिंत राहा."

"पांढरं म्हणजेच वादळ गं!"

"कालपर्यंत लाल म्हणजे वादळ होतं ना?"

"लाल म्हणजे शिंतोडे!"

"मग हिरवं?"

"हिरवं बंद केलंय."

"बंद केलंय? घे, तुझ्या भावोजींशीच बोल तू, माझं डोकं चालेना."

भावोजी फोनवर आले. "काय मेव्हणे, आज कोणता रंग? बाकी बाहेर अंधारून तर..." पुढचं वाक्य वाऱ्याने नेलं. वाक्याबरोबर आणखी काय नेलं ते सुरुवातीला सांगून झालंय, आणि ते घडलेलं नाही.

चौकशी झाली. वादळ अचूक जागी, ठरावात ठरलेल्या रंगात दाखवलं गेलं होतं, त्यामुळे दोष बघणाऱ्यांकडे गेला. साहेब खूश झाले. कपाखालचा कागद निघाला, रडारवाला कायम झाला. बातमी सांगायला तो ताईकडे गेला, तर ती पेट्रोल पंपावर छपराचे तुकडे गोळा करत होती. तिने ऐकून घेतलं. "अभिनंदन," म्हणाली. "आता हिरवं दिसेल तेव्हाच घरी ये."

कायम कर्मचाऱ्याला अर्ज करता येतो. त्याने दुसऱ्याच दिवशी केला:

'सबब, पाऊस थोडा असताना तो थोडाच दाखवण्याची परवानगी मिळावी. सर्व प्रेक्षकांसाठी ते धोरणात बसत नसल्यास, निदान अर्जदाराच्या बहिणीच्या टीव्हीपुरता हिरवा रंग पूर्ववत करण्यात यावा, ही नम्र विनंती.'