बंडीची दुमड

देवाजींच्या सुनेनं इंदूबाईंना भर विहारात सुनावलं होतं, ही गोष्ट नागपूरच्या इंदोऱ्यातल्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. नातवाच्या कमरेला ताईत बांधून इंदूबाई रविवारच्या वंदनेला आल्या आणि प्रेमिलानं पंधरा-वीस बायांसमोर विचारलं, "बावीस प्रतिज्ञा काय नुसत्या भिंतीवर लावायला आहेत, इंदूबाई?" तिचे सासरे देवाजी मागच्या चटईवर बसले होते. घरी येऊन त्यांनी बायकोला, कौसल्याबाईंना, तीनदा सांगितलं, "आयकलं काय वं? बीए बोलली आज!"

त्यांना त्या दोन अक्षरांचं फार कौतुक होतं. सून लग्न होऊन आली तेव्हा शेवटच्या वर्षाची परीक्षा राहिली होती. देवाजींनी गिरणीत रजा टाकली आणि प्रत्येक पेपराला ते डबा घेऊन कॉलेजच्या फाटकाशी बसले. गल्लीतली पहिली बीए त्यांच्या घरात झाली.

आणि त्याच बीएनं एका दुपारी, गल्लीत कोणी नाही असं पाहून, इंदूबाईंच्या दाराची कडी वाजवली.

उत्पला तेव्हा सात महिन्यांची होती. तिच्या आधीचा मुलगा चार महिन्यांचा होऊन गेला होता, दोन दिवसांच्या तापात. तेव्हापासून प्रेमिला झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून बसायची. त्या आठवड्यात उत्पलाला ताप चढला, डोळे फिरले, मुठी आवळल्या. तापामुळे कधी कधी असा झटका येतो, घाबरू नका, असं डॉक्टर म्हणाले. औषधानं ताप उतरला. प्रेमिलाची भीती मात्र उतरली नाही.

"काहून वं बीएबाई, रस्ता चुकली काय?" इंदूबाईंनी दारातच विचारलं.

"मला... तसला एक पाहिजे."

"कसला?"

"ताईत."

इंदूबाई हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्या नाहीत. आत जाऊन डब्यातून ताईत घेऊन आल्या. "घेऊन जाय. मी नाई सांगत कोनाले. तुहं एक गेलं हाय, मले मालूम नाई काय वं?"

कमरेला बांधला तर आंघोळीला दिसणार. प्रेमिलानं तो उत्पलाच्या फ्लॅनेलच्या बंडीत, खालच्या दुमडीत घालून शिवून टाकला. थंडीचे दिवस होते, बंडी रोज अंगात असायची. प्रेमिला ती स्वतःच धुवायची, आणि धुताना दुमडीकडे न बघता फक्त बोटानं चाचपायची. आहे ना? आहे.

देवाजींनी एकतीस वर्षं कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले होते. कापसाची धूळ छातीत साचून आता ते अंगणातल्या खाटेवर आले होते. बोटांची सवय मात्र गेली नव्हती. भेटायला आलेल्या माणसाच्या सदऱ्याचा काठ चिमटीत धरून ते आधी कापड पाहायचे, मग माणसाची विचारपूस करायचे. उत्पला दिवसभर त्यांच्या पोटावर. एका सकाळी भाजी निवडताना प्रेमिलानं पाहिलं, त्यांची चिमूट बंडीच्या काठावरून सरकत गेली आणि एका जागी थांबली. पुन्हा मागे आली. पुन्हा थांबली.

प्रेमिलाच्या हातातली मेथी तशीच राहिली.

देवाजींनी मान वर करून समोरच्या कडुनिंबाकडे पाहिलं. मग नातीला म्हणाले, "काय वं पोट्टे, दात येऊन राहिले काय तुले?" बस, तेवढंच.

चार दिवस प्रेमिलानं बोलणी खायची वाट पाहिली. पाचव्या दिवशी त्यांनी हाक मारली, "पोरी, बस इथी."

ती खाटेच्या पायथ्याशी बसली. आता विचारणार.

"मी गेलो का वंदना तू म्हनशीन."

"मामाजी! असं काय बोलता? आणि विहाराचे वामनराव आहेत ना, तेच म्हणतात सगळीकडे."

"वामनराव चांगला मानूस हाय. पन मले तुह्या तोंडून पायजे. मी जिंदगीभर अंगठा मारला. तू म्हटलं का मले वाटन, आपलं काम झालं."

"गेल्यावर कसं वाटेल?" तिच्या तोंडून निघून गेलं.

देवाजी इतके हसले की ढास लागली. तिनं पाठ चोळली, पाणी दिलं. "हे बरोबर पकडलं!" डोळे पुसत ते म्हणाले. "नाईच वाटन. म्हून आताच वाटून घेऊन राहिलो."

मग म्हणाले, "साच्यावरचा उभ्या धाग्यायचा ताना संपत आला का आम्ही काय करो, मालूम हाय? जुना काढून नाई फेकत. त्याच्याच टोकाले नव्याचा एकेक धागा गाठीनं बांधतो. जुना पुढं सरकते, त्याच्या मांगं नवा येते. जुन्याचं कापड होऊन जाते. मंग थो मेला म्हनाचं का?" त्यांनी उत्पलाच्या जावळातून हात फिरवला. "गाठ पक्की पायजे फक्त. तुले भेव वाटते ना?"

"वाटतं."

"मलेही वाटलं होतं. छप्पन साली घरचे देव टोपलीत घालून नाग नदीवर गेलो, तं गोविंदा घरी अंगभर माता निघून तापात पडला होता. दहा वर्साचा. तुही सासू रडत होती. पुलावर पाय अडले माहे. टाकू का नको, टाकू का नको. टाकले. घरी येईलोक वाटे, पोट्टं हाय का गेलं."

"मग?"

"मंग काय? थो पाहाय ना, दाढी करून राहिला."

न्हाणीच्या भिंतीला आरसा टेकवून तिचा नवरा गोविंदा साबणाचा फेस लावत होता. प्रेमिलाला हसू आलं आणि रडूही. त्याच वेळी सांगून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती एवढंच म्हणाली, "म्हणेन मी, मामाजी."

मधे उत्पलाला दातांचा ताप येऊन गेला. तेव्हाही प्रेमिलानं दुमड चाचपली. आहे. दोन दिवसांत पोर खेळायला लागली.

तीन आठवड्यांनी, सकाळी नऊच्या उन्हात, देवाजी खाटेवरच गेले. नात कुशीत झोपली होती, ती उठलीसुद्धा नाही.

माणसं जमली. आंघोळ झाली, पांढरं कापड आलं, वामनरावांनी मेणबत्त्या लावल्या. प्रेमिला उत्पलाला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून उभी राहिली. पंचशील म्हणायचं, आणि कडेवर हे? त्यांच्यासमोर? पण घरात मरण झालेलं, बाहेर मृतदेह, आणि नेमका आजच काढायचा? एक गेलं होतं तिचं. हिला काही झालं तर कोणाला सांगणार होती, की मी तत्त्वासाठी काढला?

तिनं कोनाड्यातलं दाढीचं पातं घेतलं. उत्पला तिच्या बांगड्यांशी खेळत होती. तिनं टाके कापले.

आतून निघाली चिंधी. पांढऱ्या धोतराची, घट्ट वळलेली, ताइताएवढीच.

तिनं दुमड उजेडात धरली. हे टाके तिचे नव्हते. तिचे वेडेवाकडे पडायचे. हे एकसारखे होते आणि शेवटाला गाठ होती, साचेवाले मारतात तशी, चपटी, बोटाला न लागणारी.

तिला आधी राग आला. मला फसवलं! मग आठवला दातांचा ताप. लेकीनं तो ताप एका चिंधीच्या भरवशावर काढला होता.

दारावर थाप पडली. तिनं कडी काढली आणि कौसल्याबाई आत आल्या. सुनेच्या हातातली बंडी त्यांनी पाहिली.

"काहाडलं काय वं?"

"तुम्हाला माहीत होतं, आत्याबाई?"

"मीच तं टाकून आली नदीत. त्यायच्यानं चालनं कुठी होत होतं? म्हनत, त्याच पुलावरून टाक. आन् तिले सांगू नको. ती आपल्या हातानं काहाडन." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मी म्हटलं, नाई काहाडलं तं? तं म्हनत, काहाडन वं, बीए हाय ते."

प्रेमिलानं बंडी लेकीच्या अंगात तशीच घातली, दुमड लोंबत होती तशीच, आणि बाहेर आली.

"सूनबाई, तुम्ही बसा," वामनराव हळूच म्हणाले. "तान्हं पोर आहे कडेवर. मी म्हणतो."

"मामाजींनी मला सांगितलंय, दादा."

वामनरावांनी गोविंदाकडे पाहिलं. गोविंदानं मान हलवली. "बाबाची सभा हाय, दादा. त्यायनं वक्ता ठरवला." वामनराव एक पाऊल मागे सरले आणि त्यांनी हात जोडले.

पहिल्या ओळीला प्रेमिलाचा आवाज फाटला. बायांमध्ये इंदूबाई होत्या. त्यांची नजर लोंबत्या दुमडीवर गेली, तिथे थांबली, मग प्रेमिलाच्या तोंडाकडे आली. दुसरी ओळ त्यांनीच मोठ्यानं उचलली. तिसरीला सगळं अंगण मागे होतं, आणि पुढे प्रेमिलाचा आवाज, स्वच्छ, एकही शब्द न अडखळता शेवटच्या शीलापर्यंत.

सगळे थांबले. उत्पलानं आजोबांच्या खाटेकडे हात केला.

कौसल्याबाई पुढे झाल्या, पांढऱ्या कापडाचा काठ नीट केला आणि खाली वाकून म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "आयकलं काय? बीए बोलली."