कोकिळानं उठवलेली आवई

धाड गावच्या बाजाराचा दिवस होता. भाजी घेऊन कोकिळा घरी परतली, तेव्हा मागच्या खोलीतून सासूचं हसू ऐकू आलं. लकव्यानं दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या विधवा मनकर्णाबाई सुनेसमोर कधी हसत नसत. शेजारच्या अनुपमाताई त्यांची कूस बदलून पाठीवरच्या जखमा धूत होत्या. दवाखान्यातली नोकरी संपल्यापासून ही ख्रिस्ती बाई रोज सकाळी न बोलावता येई.

"माय, तुहा हात लागला का बरं वाटते," मनकर्णाबाई म्हणाल्या.

कोकिळाचा जळफळाट झाला. स्वयंपाक, धुणं, शेत, सारं तिनं करायचं आणि माया मात्र परकीला! खोलीतला वास सोसवत नाही म्हणून आपण उंबऱ्यातूनच ताट सरकवतो, हे तिला आठवलं आणि ती जास्तच चिडली.

दुसऱ्या दिवशी नळावर तिनं बायकांना सांगितलं, "ते अनुपमा आमच्या बुढीले बाटवाले येऊन राह्यली."

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. भावकीतले रंगराव दारात येऊन गरजले, "बाटगीचा हात या घरात नको!" कोकिळाचा नवरा भागवत यानं मान डोलावली. दुसऱ्या सकाळी अनुपमाताईंना दारातूनच परत पाठवलं गेलं.

"अनुपमा काऊन नाही आली वं?" मनकर्णाबाई रोज विचारत.

"तिले येळ नाही."

कोकिळानं एकदा पट्टी सोडली, जखम पाहिली आणि नाकाला पदर लावून ती बाहेर पळाली. जखमा चिघळल्या, ताप चढला. आठव्या दिवशी भागवतनं दवाखान्यात न्यायला जीप आणली. बुलढाणा यायच्या आधीच म्हातारी गेली.

अंगणात माणसं जमली. बायका प्रेताला अंघोळ घालायला उठल्या, पण पाठ दिसताच एकेक मागे सरली. तेवढ्यात रंगरावांना फाटकाशी उभ्या अनुपमाताई दिसल्या.

"हे इथं कायले आली?"

कोकिळा उठली. "तिनं आत्याबाईले बाटवलं नाही. मीच खोटं बोलली. आत्याबाई तिले माय म्हणत, ते मले देखवलं नाही."

"चूप बस!" भागवत म्हणाला.

"तुमच्यातलं कोणी एक दिवस तरी हे पाठ धुवाले आलं असतं, तर बसली असती चूप."

तिनं अनुपमाताईंना हात धरून आत आणलं. "ताई, मले माफ करा."

"मीबी रुसून बसली होती, कोकिळा," अनुपमाताई म्हणाल्या. "भिंतीपलीकडून मावशीच्या हाका आयकू येत होत्या. प्रभूनं शेजाऱ्यावर प्रेम कर म्हटलं. त्यानं मान ठेवला तरच कर, असं नाही म्हटलं. मी फाटक ढकलून याले पाह्यजे होतं."

रंगराव चार माणसं घेऊन निघून गेले. दोघींनी मिळून मनकर्णाबाईंच्या पाठीवर हळूहळू पाणी सोडलं.

भावकीतली काही घरं अजूनही कोकिळाशी बोलत नाहीत. ती मात्र रोज सकाळी अनुपमाताईंबरोबर वरच्या गल्लीत जाते. तिथंही एक म्हातारी अंथरुणावर आहे. तिच्या घरात सात माणसं आहेत, आणि तिची पाठ त्यांतल्या कुणी पाहिलेली नाही.