सात वर्षांचे दात

मला सहसा कशाची किळस येत नाही. वीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवतेय. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे साचे येतात. कधी त्यांवर थुंकी वाळलेली असते, कधी सकाळच्या खाण्याचा कण चिकटलेला असतो. तो मी टोकरून काढते आणि त्याच टेबलावर चहा पिते. नवरा म्हणतो, "तुझं पोट लोखंडाचं आहे." तो स्वतः लिफ्ट दुरुस्त करतो, ग्रीसनं माखून घरी येतो, पण माझ्या पर्समधून नमुन्याचा दात घरंगळला की त्याचा घास घशातच अडकतो.

अशा माझ्या पोटात पहिल्यांदा ढवळलं ते घोडेस्वारीच्या क्लबात. लिदीमुळे नाही हं, लीद परवडली. ढवळलं ते कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या आईबापांमुळे. एक बाई घोड्याच्या शेपटीला स्वतःचा कंडिशनर लावते आणि तो केवढ्याला पडला ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते. एक फरशांचा व्यापारी आहे, सगळे त्याला फरशीवालाच म्हणतात. तो सहा वर्षांच्या स्वतःच्या पोरीवर मैदानभर ऐकू जाईल असा खेकसतो, "पाठ! पाठ ताठ! कशासाठी पैसे ओततोय मी?" पोरगी रडत रडत पाठ ताठ करते. आणि या सगळ्यांच्या मधोमध क्लब चालवणारे सर. बूट चकचकीत, बोलणं मधाळ, नजर कायम समोरच्याच्या खिशावर.

तरीही मी तिथे जायचे, कारण आमची चिंगी. बारा वर्षांची पोर, पण नखं इतकी कुरतडायची की बोटांची टोकं सोलल्यासारखी लाल दिसायची. कडू औषध लावून झालं, समजावून झालं, ओरडून झालं. शेवटी कुणीतरी सुचवलं म्हणून घोड्यावर बसवली, आणि तीन महिन्यांनी एका रविवारी ती माझ्यासमोर हात पसरून म्हणाली, "आई, नखं वाढलीत, काप ना." नेलकटर शोधायला मला अख्खं कपाट उपसावं लागलं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, काही झालं तरी हा तास बंद पडू द्यायचा नाही.

आठवड्याला एक तास. ओढूनताणून का होईना, झेपत होतं. मग एक दिवस सरांनी मला बाजूला घेतलं.

"ताई, पोरगी हिरा आहे हिरा. स्पर्धेत उतरवा आता."

"आधी शिकू दे की नीट."

"शिकेल हो. पण काय आहे, स्पर्धा न करणारी मुलं मी मंगळवारच्या तुकडीत घालतो."

मंगळवारची तुकडी मी पाहिली होती. आठ मुलं, दोन घोडे, आणि दोरी धरून गोल गोल चकरा. एकेका मुलाच्या वाट्याला सात मिनिटं. फी मात्र तेवढीच. हे सगळं सर हसत हसत सांगत होते आणि वर माझ्या खांद्यावर थोपटत होते. घरी येऊन मी तो कुडता धुवायला टाकला.

नवऱ्यानं वहीत दोन रकाने आखले. एकावर लिहिलं 'शिकणं', दुसऱ्यावर 'मिरवणं'. मी पैशांत मांडलंच नाही, तासांत मांडलं, म्हणजे कशाच्या पैशांत शिकण्याचे किती तास बुडतात ते कळेल. काळा कोट, सहा तास. पांढरी विजार, दोन. घोडा न्यायच्या ट्रकातला आमचा वाटा, चार. प्रवेश फी, तीन. आयाळीच्या वेण्या घालायची मजुरी, एक तास. माझ्या लग्नातसुद्धा माझ्या केसांवर एवढा खर्च झाला नव्हता. आणि 'सरांचा मैदान-भत्ता', तीन. म्हणजे काय, तर सर तिथे येऊन उभे राहणार, त्याचे. पहिल्याच स्पर्धेला एकूण एकोणीस तास. पोर मैदानात किती वेळ? सत्तर सेकंद.

नवरा वहीकडे बघत राहिला. "लूट आहे ही शुद्ध," तो म्हणाला. मग आत डोकावून चिंगीकडे बघितलं. ती उशीवर बसून टाचा दाबायचा सराव करत होती. "काढ काहीतरी मार्ग," तो हळूच म्हणाला.

मार्ग आपल्या पायांनी चालत आला. सरांची एक दाढ आमच्याच लॅबमध्ये बनली होती आणि ती न्यायला ते स्वतः आले. मी एका कवळीवर काम करत होते. हातात पेनासारखं धरायचं, गरगर फिरणाऱ्या टोकाचं घासायचं मशीन असतं आमचं, त्याकडे ते टक लावून बघत राहिले.

"असं एखादं जुनं नाही का पडलेलं? तबेल्यात बारीकसारीक घासायला बरं पडेल. घोड्यांच्या नाला वगैरे."

जुनं होतं. पाच वर्षं वापरून मीच बाजूला टाकलेलं. त्याचं टोक डुगडुगायचं, त्यामुळे एक रेघ मारायला जावं तर शेजारी शेजारी दोन उमटायच्या. दातांच्या कामाला कुचकामी, नालेला काय फरक पडतो? मी घासाघीस केली. मशीनच्या बदल्यात वर्षभर ट्रकचा वाटा माफ आणि मैदान-भत्ताही माफ. दर स्पर्धेला सात तास वाचले. त्या रात्री नवऱ्यानं मला 'अर्थमंत्री' म्हणून हाक मारली आणि मी चक्क लाजले. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढच्या आठवड्यात चिंगी म्हणाली, "आई, कापूस चार दिवस नीट खातच नाहीये." कापूस म्हणजे तिचा घोडा, पांढराशुभ्र. सर म्हणाले सर्दी झालीय, आणि त्या आठवड्याची फी घेतली नाही. मी वहीत तो तास जमेला धरला. घोड्याचं काय झालं असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

मग कळलं, कापूस विकायचाय. गिऱ्हाईक कोण, तर फरशीवाला. पोरीसाठी स्वतःचा घोडा हवा होता त्याला, 'सात वर्षांचा, उमेदीतला'. सरांनी मला परत बाजूला घेतलं. आता मला त्या बाजूचीच धास्ती बसली होती.

"चिंगीनं स्पर्धेत त्याला झकास फिरवून दाखवला आणि सौदा जमला, की वर्षभर तिची फी निम्मी. तिला दुसरी घोडी देतो. मंगळवारचं तर नावच नको."

निम्मी फी म्हणजे आठवड्याला दोन तास. मी घरी येऊन वही उघडली आणि 'दोन तास' लिहून त्याभोवती ठळक गोल काढला.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी चिंगी बूट चढवत होती आणि मी कापूसचा लगाम धरून उभी होते. त्यानं मोठी जांभई दिली. माणूस असो वा जनावर, उघडं तोंड दिसलं की माझी नजर आत जाते. तो माझा धंदाच आहे. खालच्या पुढच्या दातांच्या माथ्यावर काळे खड्डे होते. छान, एकसारखे. फारच एकसारखे. मी त्याचा ओठ दाबून खाली केला. प्रत्येक खड्ड्याच्या कडेला शेजारी शेजारी दोन बारीक रेघा होत्या.

माझ्या मशीनच्या.

खड्ड्यांत काळा रंग भरलेला होता. बाकीचे दात लांब, पिवळे, पुढे झुकलेले. शेजारी घोड्यांची निगा राखणारा म्हातारा साईस वेण्या बांधत होता. मी विचारलं, "काका, हे दात कोरलेत?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "कोवळ्या घोड्याच्या दातांत असे खड्डे असतात, ताई. वय झालं की झिजून सपाट होतात."

"वय किती याचं?"

"सर सांगतील तेवढं." मग वेणीची गाठ आवळत पुटपुटला, "मला इथं अठरा वर्षं झाली. मी आलो तेव्हा हा होताच. तेव्हा करडा होता. करडे घोडे वयानं पांढरे होतात."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. जिवंत दात. त्याला बांधून, जबडा ताणून, भूल दिली की नाही देव जाणे, माझ्या डुगडुगणाऱ्या टोकानं ते कोरले होते. चार दिवस तो खात नव्हता, आणि मी त्यातून एक तास कमावला होता.

तेवढ्यात चिंगीचा नंबर पुकारला. तिला उतरवावं असं मनात आलं. पण ती आधीच खोगिरावर बसली होती, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून मी लगाम सोडून दिला. ती गेली. सहा अडथळे, एकही दांडी पडली नाही. शेवटच्या उडीनंतर कापूसचे पुढचे गुडघे वाकले, पण सावरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर तर असे वाजवत होते जणू स्वतःच उडी मारून आले.

फरशीवाला माझ्याकडे आला, मागून सर. "सर म्हणतात दात बघून वय कळतं, आणि तुम्ही दातांच्या कामातल्या. जरा बघून सांगता का?"

सर मधात बुडवलेल्या आवाजात म्हणाले, "ताई आपल्या घरच्याच. त्यांची मुलगी याच्यावरच बसते, त्या खोटं कशाला सांगतील?"

मी कापूसचा ओठ खाली केला. माझ्या दोन रेघा माझ्याकडे बघत होत्या. मनात म्हटलं, हा माणूस पोरीवर खेकसतो, पैसा उतू चाललाय याचा, बसू दे फटका. मनात आलं, मंगळवार. मनात आलं, नखं.

"सात," मी म्हणाले.

फरशीवाल्यानं तिथेच बयाणा मोजून दिला. सरांनी मला डोळा मारला. तो डोळा अजून माझ्या अंगावर चिकटलाय असं वाटतं.

आम्ही फाटकाकडे निघालो. चिंगी हातमोज्यांवरची धूळ झटकत होती. "आई, ती छोटी आता त्याच्यावर बसून उड्या मारणार?"

"हो. दुसरी घोडी मिळेल तुला. चल."

"पण तो शेवटच्या उडीला नेहमी अडखळतो. मी पायांनी आवळून उचलून धरते ना, म्हणून पडत नाही. तिचे पाय तर खोगिराच्या खाली पोचतच नाहीत."

"शिकवतील तिला सर."

"मी सरांना सांगितलं होतं. ते म्हणाले, कुणाला बोलू नकोस." ती थांबली. "तुला तरी सांगू ना?"

फाटकाच्या दांडीवर माझा हात होता. तिकडे फरशीवाल्यानं पोरीला कापूसच्या पाठीवर बसवलं होतं आणि फोटो काढत होता. रिकिबी तिच्या पावलांच्या वीतभर खाली लोंबत होत्या. "हस!" तो ओरडला, आणि पोरगी हसली.

मी मागे फिरले. चिंगी माझ्यामागे धावत आली. मी सरळ जाऊन त्या पोरीला काखेत धरून खाली उतरवलं.

"अहो, काय करताय?" फरशीवाला भडकला.

"हा वीस वर्षांच्या पुढचा आहे. उडीनंतर गुडघ्यांवर येतो. दातांतले खड्डे कोरलेले आहेत."

"ताई दमल्यात," सर हसून म्हणाले. "ऊन लागलंय त्यांना."

"माझ्या मशीननं कोरलेत. या रेघा बघा, दोन-दोन. ते मशीन मीच यांना दिलं. लॅबमध्ये याच मशीननं घासलेले जुने नमुने पडलेत, या बघायला." मी सरांकडे वळले. "आणि मशीन मला परत पाहिजे. आज."

सरांचा चेहरा उतरला. "उद्यापासून मुलीला आणू नका," एवढंच ते बोलले. मंगळवारचंही नाव घेतलं नाही.

फरशीवाला कापूसच्या तोंडात बघत होता. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी अपेक्षा केली होती, खेकसेल. तो खेकसला नाही. पोरीला जवळ ओढून त्यानं अगदी हळू विचारलं, "मग मघाशी सात का म्हणालात?"

चिंगी शेजारी उभी होती. थाप मारता आली असती, नीट दिसलं नाही म्हणून सांगता आलं असतं. पण स्वतःची एवढी किळस आली होती, की आणखी एक थाप घशातून वर येईना.

"हिची फी निम्मी होणार होती," मी म्हणाले.

चिंगीनं माझ्याकडे पाहिलं. मग कापूसच्या तोंडाकडे, मग परत माझ्याकडे. तिनं उजव्या हाताचा मोजा सावकाश काढला आणि अंगठ्याचं नख दातांत धरलं.